अर्धा मी करते

पालेजांच्या पोटमाळ्यावरून फायली घेऊन उतरत होते.
शिडी संपली असं वाटलं.
अजून दोन पायऱ्या होत्या.
उजवं कोपर. सहा आठवडे प्लास्टर.

शेठ म्हणाले, घरी बसा.
घरी बसायला काय जातं, तिथेही मीटर पळतो.
आठव्या दिवशी मी बोराबाजारात हजर,
हात गळ्यात,
ओढणीची गाठ मानेला काचणारी.

आणि मग कळलं,
मराठी की-बोर्डवर कुणीतरी वाटण्या करून ठेवल्यात.
काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे डाव्या हाताला,
अक्षराचा पाय मोडायची कळसुद्धा डावीकडेच.
अक्षरं मात्र जवळजवळ सगळी उजव्याच्या नावावर:
क त च ट प र,
घरादाराची, पोटापाण्याची.
बावीस वर्षं बोटांना हे ठाऊक होतं.
मला बोलली नव्हती.

डावीकडे चुकून राहिलेली तीन: म, न, व.
शिफ्ट दाबून ण.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेवढ्यावर लिहून पाहिलं.
मी. मन. मान. नाव. मौन.
आई.
वेणी,
जी घालायला दोन हात लागतात आणि लिहायला एक पुरतो.
आणि.
‘आणि’ लिहिता येतं. पुढचं येत नाही.

मग ‘हात’ लिहायला गेले.
ह पलीकडे, त पलीकडे.
मधला काना तेवढा उभा राहिला पडद्यावर,
शेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ घेऊन.

तसा डावा पलीकडे नेता येतो,
नेतेच होते,
एका ओळीत चाळीस वेळा नाका ओलांडल्यासारखा.
संध्याकाळपर्यंत खांदा भरून यायचा, चांगल्या बाजूचा.

गुरुवारी वसईहून कॅजिटन तुस्कानो आले.
सातबाऱ्यावर तुस्कानो, रेशनकार्डावर तुसकानू,
बँकेत आणखी तिसरंच.
प्रतिज्ञापत्र हवं, की ही सगळी एकाच इसमाची नावं.
थोडा वेळ माझ्या डाव्या हाताची धावपळ बघत राहिले,
मग स्टूल ओढून माझ्या उजवीकडे बसले.
“कुठलं दाबू ते सांग.”

केळीच्या चिकाने काळी पडलेली तर्जनी,
कोंबडी दाणा टिपते तशी.
त त्यांचा. उकार माझा.
स त्यांचा. पाय मी मोडला.
क त्यांचा. काना मी दिला.
शेवटचा ‘नो’ माझा एकटीचा,
त्यांचं बोट तेवढा वेळ हवेत,
पंगतीत पान न मांडलेल्या पाहुण्यासारखं.

एरवी चार मिनिटांचं काम, पाऊण तास चाललं.
‘मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की’
हे किती हजार वेळा बडवलं असेल.
त्यात ‘सत्य’ येतं हे त्या दिवशी दिसलं,
कारण तिथे ते अडले.
“अर्धा त कसा दाबायचा?”
“तुम्ही अख्खा दाबा. अर्धा मी करते.”

दुखतं का, असं त्यांनी विचारलं नाही.
म्हणाले, “फिलूची उजवी बाजू गेली
तेव्हापासून मी कुणाच्याही उजवीकडेच बसतो.
सवय.”
मग खाली वाकून र शोधू लागले.

पैसे अर्धेच दिले.
अर्धं टायपिंग माझं, म्हणाले,
आणि हसले नाहीत.

प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात
दुसऱ्या कुणाचा तरी असावा असा, बारीक, खपल्यांचा.
कोपर अजून पुरतं सरळ होत नाही,
होईल म्हणतात.
उजवा पुन्हा आपापली अक्षरं टाकतो.
डावा मात्र आता काना द्यायच्या आधी
किंचित थांबतो,
शेजारच्याचं झालं का ते बघून.

स्टूल उजवीकडेच आहे.
शेठ त्याला दोनदा अडखळले.